पांढरा डबा, काळा डबा

सोयाबीनची रास सुरू झाली की आमच्या घरात सगळ्यांचे आवाज बसतात. मळणीयंत्राच्या गोंगाटात ओरडून बोलावं लागतं आणि भुसकटाची धूळ घशात उतरते. पदर डोक्याला घट्ट बांधला, नाकावरून ओढून घेतला, तरी संध्याकाळी केस धुताना पाणी चहासारखं निघतं. मला मात्र हे दिवस बरे वाटतात. एरवी घरात मी एकटीच कमी बोलणारी असते. राशीच्या दिवसांत सगळं घरच माझ्यासारखं होतं.

आज दुपारी यंत्राचा पट्टा तुटला आणि एकदम शांत झालं. लांबून हायवेवरच्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला. ढिगाशेजारी मामा, म्हणजे माझे सासरे, पोत्यावर बसले होते. त्यांनी मूठभर दाणे उचलले, एक दाताखाली फोडला, बाकीचे कानाजवळ नेऊन हलवले. कानाजवळ कशाला, ते मला लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी कळलेलं नाही. पण मामा कुठलीही वस्तू अशीच घेतात. बघतात, ठोकतात, चावता आली तर चावतात, आणि मग ऐकतात. त्यांना तसं बसलेलं बघितलं आणि मला घरात डबा आला त्या वर्षीची रास आठवली.

मामांचं नाव बैलांच्या पारखीसाठी पंचक्रोशीत होतं. कुणाला बैल घ्यायचा असला की ते मामांना बाजारात घेऊन जात. जोडी घ्यायची असेल तर मामा सरळ बाजारात जात. एकच बैल घ्यायचा असेल तर मात्र आधी त्या माणसाच्या गोठ्यात जाऊन दावणीला उभा असलेला दुसरा बैल बघत. त्याची उंची, त्याची चाल, त्याचा स्वभाव. मग म्हणत, चला आता बाजाराला. पुढं ट्रॅक्टर आला, आमची शेवटची जोडी गेली, दावण रिकामी झाली. पारख मात्र मामांच्या अंगात तशीच राहिली आणि तिला बाहेर पडायला वाट मिळेना. मग जे दिसेल ते पारखू लागले. प्लास्टिकची खुर्ची आणली तर चारही पाय दाबून म्हणाले, "मागचा डावा कच्चा हाय." तो खरंच मोडला, तेव्हा वर आमचे मालक बसलेले होते. माझ्या लेकीला, शीतलला, बघायला पाहुणे आले. मुलगा अंगणातून आत येईपर्यंत मामा त्याच्या पायांकडंच बघत होते. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "पोरगं चांगलंय, पर चालताना उजवीकडं दाबतंय." शीतलला ते स्थळ नकोच होतं. तिनं त्या दिवशी आजोबांना कांद्याची भजी करून घातली. नंतर ती नर्सिंगचं शिकली आणि पुण्याला दवाखान्यात कामाला लागली.

तर त्या वर्षी सोयाबीन बरं आलं होतं आणि माझ्या धाकट्या दिरानं, दत्ताभाऊजींनी, घरात विषय काढला. भाऊजींचं जळकोटला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. लग्न झालेलं नाही, आणि व्हावं असं त्यांना फारसं वाटतही नाही. त्यांना टीव्हीला जोडून खेळ खेळायचं यंत्र हवं होतं. हातात दोन मुठींचा रिमोट धरायचा आणि टीव्हीतली गाडी नाही तर माणूस पळवायचा. तसली दोन यंत्रं बाजारात होती, दोन वेगळ्या कंपन्यांची, एकमेकांच्या उरावर बसलेली. त्यांची इंग्रजी नावं मामांच्या तोंडात बसेनात. म्हणून एकाचं नाव पडलं पांढरा डबा आणि दुसऱ्याचं काळा डबा.

"दोनी नव्या पिढीचे हायेत," भाऊजी म्हणाले.

"म्हंजी किती दाती?" मामांनी विचारलं. बैलाचं वय दातांवरून मोजतात.

भाऊजींनी हातातला घास खाली ठेवला. मालक जेवत राहिले. मालकांचा स्वभाव असा की घरात वाद सुरू झाला की ते जास्त जेवतात.

पुढचे कितीतरी दिवस खळ्यावर हाच विषय. यंत्र चालू असलं की ओरडून, बंद असलं की बसलेल्या आवाजात. भाऊजी काळ्याच्या बाजूचे. काळ्याला म्हणे महिन्याला थोडं काही भरलं की ढीगभर खेळ मिळतात, आज हा खेळा, उद्या तो.

"म्हंजी खंडाची शेती झाली ती," मामा म्हणाले. "भरायचं बंद केलं की रान गेलं."

"तसं न्हाय आबा."

"मग कसं? खेळ आपल्या नावावर व्हतो का?"

"न्हाय."

"मग खंडाचीच हाय."

पांढऱ्याचे खेळ विकत घ्यायचे, तबकडी घरात राहते, उद्या कुणाला विकताही येते. ते मामांना पटलं. पण पांढऱ्याचा फोटो भाऊजींनी मोबाइलवर दाखवला तेव्हा मामांनी मोबाइल उभा-आडवा धरून बघितला. पांढरा उंच, अंगानं बाकदार, दोन्ही बाजूंनी कान काढल्यासारखा. "खिलारावानी दिसतोय," मामा म्हणाले. "उमदा हाय, पर तापट असंल. काळा बसका हाय. पाठ सपाट. ह्यो वझं वडंल."

मी शेंगा गोळा करत ऐकत होते. ऐकणं हेच माझं काम. पण त्या वर्षी ऐकताना शेंगा हातातच राहायच्या, कारण मला पांढरा हवा होता. मनापासून हवा होता, आणि तो का हवा हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

हा विषय निघायच्या आधी, नागपंचमीला शीतल आली होती. चुलीपुढं आम्ही दोघी दिंडं वळत होतो तेव्हा म्हणाली, "आई, आमच्या रूमवर आम्ही मैत्रिणींनी मिळून टीव्हीवर खेळायचं यंत्र घेतलंय, पांढरं. काकाबी घ्यायचं म्हणतोय, तुमीबी तसलंच घेतलं तर आपण दोघी एकाच खेळात खेळू शकतो. तू हितं, मी तिथं. कानाला लावायचं असतंय, त्यातनं बोलताबी येतंय."

मी म्हणाले, "गप गं. मी काय लहान हाय का."

पण ती गेली तरी ते बोलणं चुलीपाशीच बसून राहिलं. कारण फोनवर आमचं काय व्हायचं ते मला माहीत होतं. फोन वाजला की मी हात पुसून उचलायची आणि भिंतीला टेकून उभी राहायची. "जेवलीस का?" "जेवले." "पाऊस हाय का?" "हाय." "बरं, ठेव." पोटात ओळीनं गोष्टी साठलेल्या असायच्या, पण फोन हातात आला की सगळ्या मागं सरकायच्या, बाई पाहुण्यांपुढं आत सरकते तशा. शीतलही माझीच लेक. तीही "बरं" म्हणायची आणि ठेवायची.

शीतल लहान होती तेव्हा आम्ही दोघी सारख्या बोलायचो. खुरपताना, तूर सोलताना, गोधडीला दोन बाजूंनी टाके घालताना. एकमेकींकडं न बघता बोलायचो. मला वाटतं आमच्यासारख्यांचं तोंड हातांना बांधलेलं असतं. हात गुंतले की ते सुटतं, हात रिकामे झाले की मिटतं. फोनला हात गुंतवायला काहीच नसतं. शीतलच्या त्या खेळात, ती म्हणाली होती, शेती करायची असते. ट्रॅक्टर चालवायचा, पेरायचं, काढायचं. मनात हसू आलं होतं. दिवसभर रानात आणि संध्याकाळी टीव्हीतल्या रानात. पण एका बांधाला दोघी, हे मात्र डोक्यातून जाईना.

हे मी मालकांना सांगू शकले असते. पण सांगायचं कसं? पन्नाशीकडं झुकलेली बाई म्हणते, मला खेळायचंय. भाऊजी हसले असते, ते हसणं रानात गेलं असतं, रानातून गावात. मग मी त्या वर्षीच काय, पुढच्या राशीलाही खळ्यावर मान वर केली नसती. म्हणून मी फक्त एकदा, चहा देताना, हळू आवाजात म्हणाले, "पांढरा बरा दिसतोय."

"दिसण्यावर काय हाय वैनी," भाऊजी म्हणाले. आणि विषय संपला.

दसऱ्यानंतर रास उरकली आणि आम्ही सोलापूरला निघालो. मामा, मालक, भाऊजी आणि मी. मला कशाला नेलं ते आठवत नाही, बहुतेक डबा घ्यायला. जेवणाचा. मामांनी धुतलेलं धोतर, नवी टोपी आणि खांद्यावर उपरणं घेतलं होतं. बाजाराला जाताना घेत असत तसंच.

दुकान असं गार होतं की मालकांना शिंका सुरू झाल्या. दुकानदार पोट सुटलेला, हसरा, अत्तर लावलेला माणूस होता. त्यानं दोन्ही डबे दोन टीव्हींना जोडून ठेवले होते. मामा दोघांमध्ये उभे राहिले आणि मला एकदम ते जुने मामा दिसले. पाठ ताठ झाली, डोळे बारीक झाले. पांढऱ्याभोवती एक फेरी मारली, मग काळ्याभोवती. पाठीवरून हात फिरवला. मागच्या वायरी शेपटीसारख्या उचलून बघितल्या. काळ्याच्या माथ्यावर भोकं होती, त्यावर तळहात धरला.

"ह्याच्या टाळूला भोकं कशाला?"

"गरम हवा बाहेर जायला, आजोबा."

"आन धूळ आत जायला. आमच्यात रास असती."

दुकानदारानं मान हलवली. मामांनी पांढऱ्याला कान लावला. "ह्याचा श्वास बारीक हाय. हे चांगलं. खातो किती?"

"काय खातो?"

"करंट."

दुकानदारानं काही आकडा सांगितला. मामांनी तोंड वाकडं केलं. "आता जरा चालवून दाखवा."

भाऊजींनी काळ्यावर गाडी पळवली. टीव्हीत गाडी इतकी जोरात सुटली की मालक मागं सरकले आणि कपडे धुवायच्या यंत्राला टेकले. मामांनी विचारलं, "ह्यो मारका हाय का?" दुकानदाराला आता मजा वाटू लागली होती. तो म्हणाला, "आजोबा, दोन्ही गरीब आहेत." मामा म्हणाले, "इकणारा असंच म्हणतो."

मग ते झालं, ज्याची मला बसमध्ये बसल्यापासून भीती होती. मामांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, दुकानदाराचा हात हातात घेतला, वरून उपरणं टाकलं आणि आत बोटं दाबायला सुरुवात केली. बैलांच्या बाजारात भाव असाच ठरतो. तोंडानं कुणी बोलत नाही, उपरण्याखाली बोटंच बोलतात, आजूबाजूच्या कुणाला कळत नाही. दुकानदार लाल झाला. टीव्ही बघायला आलेली दोन माणसं टीव्ही सोडून आमच्याकडं बघू लागली. मी मिक्सरांच्या रांगेमागं गेले.

"आजोबा, गुदगुल्या होतायत. हितं भाव ठरलेला असतो."

"ठरलेला असतो तर दुकान कशाला मांडलं? घरी पाठवून द्यायचं."

"आबा, चला," भाऊजी म्हणाले.

"थांब. ह्यो बोलायलाय."

तो बोलत नव्हता, हात सोडवत होता. पण शेवटी काय झालं कुणास ठाऊक, दोघंही हसले आणि दुकानदारानं एक जादा रिमोट द्यायचं कबूल केलं, कुठलाही डबा घेतला तरी. बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "माणूस चांगलाय. बोटं मऊ हायेत, पर माणूस चांगलाय."

एवढं सगळं होऊन डबा ठरलाच नव्हता. मामा पांढऱ्याकडं झुकले होते, तरी काळ्याची पाठ त्यांच्या डोळ्यापुढून जात नव्हती. भाऊजी तर काळा सोडायला तयारच नव्हते. रसवंतीवर बाप-लेकांचं चांगलंच वाजलं. मालकांनी तेवढ्यात चार भेळी खाल्ल्या. शेवटी मामा म्हणाले, "तुळजापुरावरनं जाऊ. आईला इचारू."

तुळजापूरला देवळात तो गोल दगड आहे, चिंतामणी. त्यावर दोन्ही हात ठेवायचे आणि मनातल्या मनात विचारायचं. उजवीकडं फिरला तर हो, डावीकडं फिरला तर नाही, जागचा हलला नाही तर वेळ लागणार. लोक लग्नाचं विचारतात, नोकरीचं विचारतात, आजाऱ्याचं विचारतात. आमच्यापुढं एक म्हातारी डोळे मिटून बसली होती आणि तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं. मला वाटलं, धरणी दुभंगावी. आपण काय विचारायला आलोय. पण मामांच्या तोंडावर लाज कुठंच नव्हती. त्यांच्या हिशेबानं घरात एक जीव आणायचा होता.

भाऊजी आधी बसले. दगड उजवीकडं फिरला. "काळा," भाऊजी उठत म्हणाले.

"मनातलं सांगायचं नसतंय," मामा म्हणाले आणि स्वतः बसले. दगड उजवीकडं फिरला. "पांढरा," मामा म्हणाले.

मालक बसले. दगड डावीकडं फिरला. "तू काय इचारलंस?" मामांनी विचारलं.

"घ्यावाच का म्हणलं."

देवीनं तिघांचंही ऐकलं होतं. मागची रांग कुजबुजू लागली. मामा माझ्याकडं वळले. "मंगल, तू बस."

मी नको नको म्हणत बसले. दगड गार होता, इतक्या हातांनी गुळगुळीत झालेला. मी पांढरा विचारला नाही, काळाही विचारला नाही. विचारलं, मी बोलू का? माझे हात इतके थरथरत होते की दगड फिरला, की माझ्या थरथरीनं मीच फिरवला, हे मी आजही सांगू शकत नाही. पण तो उजवीकडं गेला.

देवळाच्या पायऱ्यांवर मामांनी विचारलं, "काय इचारलंस?"

मी खाली बघून म्हणाले, "मामा, एकच बैल घ्यायचा असला तर तुमी आधी काय बघता?"

"घरचा बघतो. जोडीचा."

"मग एक बैल पुण्यात उभा हाय. शीतलच्या रूमवर. पांढरा हाय." आणि मग थांबता येईना. "दोनी एकाच जातीचे असले की ती तिथनं आन मी हितनं संगं खेळता येतंय, असं म्हणली ती. बोलताबी येतंय. फोनवर मला तिच्यासंगं बोलाया येत न्हाय."

एवढं मी घरात महिन्याभरात मिळून बोलत नाही. हळदीकुंकवाच्या दुकानातली बाईसुद्धा माझ्याकडं बघत होती. भाऊजी हसतील म्हणून मी वाट बघत राहिले. पण ते पायरीवर बसले आणि डोकं खाजवू लागले.

मामा त्यांच्याकडं वळले. "दत्त्या, तुला ठाव व्हतं?"

"न्हाय."

"मला न्हाय, तुला न्हाय. गोठा न बघता बाजाराला गेलो आपण. आन दिसभर सोलापुरात खूर तपासायलो."

"वैनी, आधी सांगायचं न्हाय व्हय," भाऊजी म्हणाले. मग जरा वेळानं, हळूच, "तसं म्या दगडाला थोडं ढकललं व्हतं."

मामांनी उपरणं झटकलं आणि खांद्यावर टाकलं. स्टँडपर्यंत त्यांनी भाऊजींकडं बघितलं नाही, आणि माझी खात्री आहे की ते रागामुळं नव्हतं; त्यांचाही दगड उजवीकडंच फिरला होता.

भाऊजींनीच जाऊन पांढरा आणला. मामांनी त्याला हळदीकुंकू वाहिलं. मी जुन्या काठाच्या साडीचं त्याला धुळीसाठी आच्छादन शिवलं. मामा त्याला झूल म्हणतात, आणि यंदा पोळ्याला त्यांनी त्या झुलीला गोंडाही बांधला. भाऊजी दुपारी येऊन गाड्या पळवतात आणि अधूनमधून काळ्याची आठवण काढून उसासा टाकतात. मालक खेळत नाहीत. ते बघतात, आणि बघताना शेंगदाणे खातात.

संध्याकाळचा वेळ माझा. शीतलची ड्युटी सुटली की ती तिकडून येते, मी इकडून. सुरुवातीला माझा ट्रॅक्टर सारखा विहिरीत जायचा. आता जात नाही. टीव्हीतल्या रानात तण येतं, पण खुरपायला बायका शोधत गल्लीगल्ली हिंडावं लागत नाही. सोयाबीन पिवळं पडत नाही. धूळ उडते, पण केसांत बसत नाही. एवढ्या सुखाची शेती असते का, असं मी शीतलला म्हणते, आणि तिथून गोष्ट निघते. तिच्या दवाखान्यातली आजी, जी औषध थुंकते. मैत्रिणीचं जमलेलं लग्न. एकदा, पेरणी चाललेली असताना, तिनं तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलाबद्दल सांगितलं. मी पेरणीची ओळ सरळ धरली आणि विचारलं, चालतो कसा? ती इतकी हसली की तिचा ट्रॅक्टर बांधावर चढला.

आज रानातून आल्यावर अंगाचं भुसकट धुतलं आणि बसले. घसा बसलेलाच होता. "आई, आवाज काय झाला गं?" शीतल म्हणाली. "रास हाय," मी म्हणाले. मग आम्ही काढणीला लागलो. टीव्हीत दोन यंत्रं शेजारी शेजारी निघाली, तिचं पुढं, माझं जरा मागं, मग बरोबर. एका चालीनं.

मामा मागं बाजेवर पडले होते. मला वाटलं झोपलेत. तेवढ्यात मागून आवाज आला, जिभेनं टाळूला लावून करायचा तो, ट्च ट्च, जोडीला पुढं घ्यायचा. आमच्या दावणीचे बैल गेले तेव्हापासून तो आवाज मी ऐकला नव्हता.

शीतललाही तिकडं ऐकू गेला. "आई, आजोबा कुणाला हाकायलेत?"

मी मागं वळून बघितलं नाही. हात गुंतलेले होते.

"आपल्याला," मी म्हणाले. "चल पुढं."